चौकटीतली खुंटी

"अहो, जरा बाजूला व्हा ना!"

"मला म्हणताय?"

"नाही, डोंगराला म्हणतेय!"

सकाळचे साडेसहा वाजले होते. डोंगरमाथ्यावरच्या त्या ओल्या कातळावर दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं, तरीही "मला म्हणताय?" असं विचारणारा माणूस एकतर फार भोळा असणार किंवा फार बेरकी. कुठला ते ठरवायला तिला सवड नव्हती. समोरच्या कड्यावर कोवळं ऊन जेमतेम सात मिनिटं टिकतं, मग ते पांढरंफटक पडतं. त्या सातातली दोन मिनिटं या बुवानं आधीच खाल्ली होती. पिवळं जाकीट, डोक्यावर टोपी, पुढ्यात तीन पायांवर उभं केलेलं दुर्बिणीसारखं यंत्र… आणि हे सगळं नेमकं तिच्या चौकटीच्या मधोमध!

"मी कामावर आहे," तो म्हणाला.

"आणि मी इथे काय झोपा काढायला आलेय?"

तो हसला आणि निमूटपणे चार पावलं बाजूला झाला. यंत्र मात्र तिथेच.

"आणि ते?"

"ते नाही हलवता यायचं. एकदा बसवलं की बसवलं. मला सांगा, मी हलतो. दिवसभर हल म्हणालात तरी हलेन."

एवढ्यात ऊन सरकलं. कड्याच्या कपारीतून पाकोळ्यांचा एक थवा सुर्रकन बाहेर पडला, आणि आजचा फोटो हातचा गेला. तिनं कॅमेऱ्याचं झाकण असं काही लावलं, की त्या बिचाऱ्या झाकणाला वाटलं असेल, आपलं काय चुकलं?

"चहा घेणार?" त्यानं थर्मास पुढे केला. "नुकसानभरपाई म्हणून."

तिला खरं तर रागावूनच राहायचं होतं. पण वाऱ्याला गारठा होता आणि चहाला आल्याचा वास होता. राग तरी किती वेळ टिकणार!

खाली वस्तीत तिच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे फोटो, लग्नांचे फोटो, जुन्या फाटक्या फोटोंना नवं करून देणं, असली सगळी कामं बापलेक मिळून करत. पण गेली तीन वर्षं दर रविवारी, आणि पावसाळा सरताना तर जवळजवळ रोज, ती डोंगरावर यायची आणि त्याच जागेवरून, तोच कडा, तोच उतार टिपायची. दुकानाच्या काचेत नवरानवरींच्या जागी हळूहळू डोंगराचे फोटो आले. गिऱ्हाइकं आत यायची, डोकं वाकडं करून बघायची आणि विचारायची, "काय सुंदर जागा आहे हो! कुठली ही?" मग ती त्यांना दारात नेऊन बोट वर करायची, "ती बघा. तुमच्या गच्चीच्या मागची." रोज पाठीशी असतो त्याच्याकडे कोण बघतं! तिला लोक आता 'डोंगरवाली' म्हणायचे. ती म्हणायची, म्हणू देत.

"आणि तुम्ही काय मोजताय?" चहाचा दुसरा घोट घेत तिनं विचारलं.

"मी मोजणी खात्यातला. डोंगराच्या मागच्या अंगाला दगडाची खाण आहे ना, त्यांना पुढे सरकायचंय. कागदावर त्यांची हद्द आहे, पण जागेवरचे हद्दीचे जुने दगड त्यांच्या सुरुंगांनीच खाल्ले. म्हणून खरी हद्द कुठून जाते, ते नव्यानं काढायचं."

तिच्या हातातला कप तसाच राहिला. "म्हणजे… हा उतार?"

त्यानंही उताराकडे पाहिलं. कातळाच्या भेगाभेगांतून निळी-जांभळी, टाचणीच्या डोक्याएवढी फुलं उमलली होती. त्यांच्यामधून एक झरा कुणालाही ऐकू जाऊ नये अशा बेतानं वाहत होता. पाच-सहा आठवडे ही फुलं असतात, मग वर्षभर नुसता काळा दगड.

"हद्द झऱ्याच्या पलीकडून गेली तर उतार वाचला," तो म्हणाला. "अलीकडून गेली तर… खाणीचा."

"मग पलीकडून जाऊ दे ना."

"ती जिथून जाते तिथून जाते हो. मी फक्त बघून सांगतो."

त्याच्या बोलण्यात आढ्यता नव्हती, उलट थोडी दिलगिरीच होती. तिला तो एकदम बेरकी वाटेनासा झाला. यामुळे तिची पंचाईतच झाली. बेरकी माणसाशी भांडता येतं.

जाताना त्यानं ठोकलेल्या दोन लाकडी खुंट्या दाखवल्या. वर लाल रंग, एकमेकींपासून वीसेक पावलांवर. "आठवडाभर मोजणी चालेल. इथे शेळ्या येतात. तुम्ही सकाळी आलात तर खुंट्यांवर नजर ठेवाल?"

"ठेवीन ना."

आणि तिनं खरोखरच नजर ठेवली. सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्याचं असं झालं, की दुसरी खुंटी होती ऐन फुलांच्या गालिच्यात. सुंदर चेहऱ्यावर नेमकी लग्नाच्या दिवशी पुळी उठावी, तशी. फोटो काढणाऱ्यांची एक सवय असते. चौकटीत कागदाचा कपटा दिसला की उचलायचा, वाळकी काटकी दिसली की बाजूला सारायची. हात आपोआप जातो. तिसऱ्या दिवशी ऊन असं काही पडलं, फुलांवर दव असं काही चमकलं, की तिचा हातही आपोआप गेला. खुंटी उपटली, फोटो काढला, खुंटी पुन्हा लावली. अगदी तिथेच. म्हणजे… जवळपास तिथेच. ओल्या मातीत भोक बुजलं होतं, म्हणून जरा अंदाजानं. वरून दगडानं नीट ठोकली, कॅमेऱ्याच्या मऊ फडक्यानं पुसली आणि समाधानानं खाली आली.

पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशीही तेच.

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. खुंटी म्हणजे तिच्या लेखी नुसती खूण, 'इथे मोजून झालं' एवढंच सांगणारी. शिवाय खुंटी लावून होते न होते तोच तो धापा टाकत वर यायचा. हल्ली तो अर्धा तास आधीच यायला लागला होता, आणि यामागे चहाचं कारण आहे की आणखी कशाचं, याचा विचार करण्यात तिची सकाळ छान जायची.

"एक विचारू?" तो म्हणायचा. "तोच तोच डोंगर. कंटाळा नाही येत?"

"तुम्हाला आरशात बघताना येतो?"

"येतो की."

"मग त्यात डोंगराचा काय दोष!"

एकदा भुरभुर पाऊस आला. तिनं आपली छत्री कॅमेऱ्यावर धरली, त्यानं त्याची यंत्रावर धरली, आणि दोघंही चिंब भिजत, एकमेकांकडे बघत उभे राहिले. "आपण दोघं फार हुशार आहोत," तो म्हणाला, आणि तिला इतकं हसू आलं, की पोटात दुखायला लागलं. हसता हसता तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पाण्याचे थेंब होते, आणि तो मात्र हसायचं थांबला होता. नुसता बघत होता. तिनं घाईघाईनं कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला. पट्टा सारखाच होता.

मोजणी संपली. पंधरा दिवसांनी कचेरीच्या फळ्यावर नकाशा लागला. वस्तीतली निम्मी माणसं तिथे लोटली होती. तिनं माना आणि खांदे चुकवत बोटानं रेघ शोधली. हद्द झऱ्याच्या पलीकडून गेली होती! पंचवीस पावलं पलीकडून. फुलं, झरा, पाकोळ्यांचा कडा, सगळं हद्दीबाहेर, सगळं सुखरूप. बाबांनी त्या दिवशी दुकानाच्या काचेतला प्रत्येक फोटो पुसून पुन्हा लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आमचा उतार वाचला बरं का" असं सांगत बसले. जणू उतार त्यांनीच जन्माला घातला होता.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओत आला. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस.

"ओळखपत्राचा फोटो हवाय. जुन्यात मी चोर दिसतो."

"इथे बसा. हनुवटी जरा खाली." तिनं दोन बोटांनी त्याची हनुवटी खाली केली. बोटं आवश्यकतेपेक्षा जरा जास्त वेळ तिथे राहिली असतील… नसतीलही. "नजर माझ्याकडे."

"तिकडेच असते."

"कॅमेऱ्याकडे म्हणायचं होतं मला."

"मग नीट सांगत जा."

पडद्यामागून बाबा उगाचच खाकरले.

ती कॅमेऱ्यामागे गेली. तो ताठ बसून सहज म्हणाला, "खाणवाल्यांनी फेरमोजणी मागितलीय. सोमवारी मोठ्या बाई येताहेत, आमच्या वरिष्ठ. आल्या तर येऊ देत. रविवारी वर जाऊन माझ्या खुंट्या जागच्या जागी आहेत ना, तेवढं बघितलं की झालं."

"खुंट्या?" तिनं विचारलं. "त्यांचं काय?"

"अहो, सगळी मदार त्यांच्यावर. त्या दोन खुंट्यांतून जी रेघ जाते, तीच पुढे डोंगराच्या त्या टोकापर्यंत ओढायची आणि तिच्यावरून हद्द मोजायची. इथे वीतभर चूक झाली, तर तिथे तीस-चाळीस पावलं चुकतात."

कॅमेरा खटकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातून ओळखपत्राचा फोटो हलला.

वीतभर! आणि उतार वाचला होता पंचवीस पावलांनी. म्हणजे उतार वाचला, तो तिच्या त्या 'जवळपास तिथेच'मुळे! खरी हद्द कदाचित झऱ्याच्या अलीकडून जात असेल. त्यानं चुकीच्या नकाशाखाली सही केलीय. सोमवारी बाई येतील, मोजतील, आणि मग उतार तर जाईलच, पण त्याची नोकरीही जाईल. गप्प बसावं आणि बाईंच्याही लक्षात येऊ नये अशी आशा धरावी, तर कदाचित उतार राहील. बाई येण्याआधी सांगावं, तर निदान चूक त्यानं स्वतःच दुरुस्त केली असं होईल, त्याची मान सुटेल. पण मग उतार स्वतःच्या हातानं खाणीला द्यायचा. तीन वर्षं ज्याच्यासाठी ती पहाटे उठली, तो उतार.

"पुन्हा काढते," ती कशीबशी म्हणाली.

तो गेल्यावर बाबा पडद्याबाहेर आले. "काय गं, तोंड का एवढंसं झालं?"

तिनं सगळं सांगून टाकलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जुन्या फोटोंवर फिरवायचा बारीक कुंचला हातात होता, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"जन्मभर मी लोकांच्या गालांवरचे डाग घालवत आलो," ते म्हणाले. "पण ज्याचा गाल त्याला विचारून, बाळा. तू त्या माणसाला न विचारता त्याचं काम पुसलंस."

"मग उतार?"

"उताराचं मला काय माहीत? मला तुझं माहीत आहे. तू सांगितल्याशिवाय तुला घास जायचा नाही." आणि मग, जणू आत्ताच सुचल्यासारखं, "मुलगा बरा आहे. हनुवटी मात्र अजून जरा खाली हवी होती."

रविवारी सकाळी ती कॅमेरा न घेताच निघाली. वाटेतल्या चढावर तिला दोनदा थांबावं लागलं, दम लागला म्हणून नव्हे. धुकं होतं. माथ्यावर पोहोचली तेव्हा तो दुसऱ्या खुंटीपाशी उकिडवा बसला होता, हातात मोजपट्टी आणि गुडघ्यावर वही.

"आज कॅमेरा नाही?" तो म्हणाला.

"मला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नका. मध्ये बोललात तर माझ्यानं व्हायचं नाही." तिनं श्वास घेतला. "ही खुंटी मी उपटली होती. फोटोत येत होती म्हणून. परत लावली, पण… अंदाजानं. एकदा नाही. दोनदा… तीनदा. तुमचा नकाशा चुकलाय. माझ्यामुळे. उद्या बाई येण्याआधी तुम्ही तो दुरुस्त करा. उतार गेला तर… जाऊ दे. पण तुमच्यावर काही येता कामा नये. हवं तर मी लिहून देते, माझी सही घ्या."

ती खाली फुलांकडे बघत राहिली. त्यांच्याकडे बघायचीही तिला लाज वाटत होती.

"झालं बोलून?" त्यानं विचारलं.

"हो."

"तीनदा. बरोबर आहे. तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या दिवशी."

तिनं मान वर केली.

"बसा इथे." त्यानं वही तिच्यापुढे धरली. "खुंटी ठोकली की आम्ही पहिली गोष्ट काय करतो माहितीय? तीन पक्क्या जागांपासून तिची मापं घेऊन लिहून ठेवतो. तो मोठा धोंडा, ते वाकडं झाड, आणि कातळावरची ती फुली. खुंट्या काय, गुरं पाडतात, मुलं पळवतात. त्यामुळे रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मापं ताडून बघायची. तिसऱ्या दिवशी बघितलं, तर खुंटीबाई वीतभर सरकलेल्या. मी जागेवर आणल्या आणि मग मोजणी केली. तिन्ही वेळा."

"म्हणजे… नकाशा…"

"नकाशा बरोबर आहे. हद्द झऱ्याच्या पलीकडूनच जाते. आधीपासून तिथूनच जात होती. तुम्ही उतार वाचवलाही नाहीत आणि बुडवलाही नाहीत."

तिचा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, चांगला खणकन आवाज करून पडला. ती होती तिथेच ओल्या कातळावर मांडी घालून बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. मधेच हसू लागली. मग दोन्ही एकदम. त्यानं घाबरून थर्मास उघडला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला कळेना.

जरा शांत झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि वही हातात घेतली. सुबक अक्षर होतं. 'दिवस तिसरा. खुंटी क्रमांक दोन हललेली आढळली. मूळ मापांप्रमाणे पूर्ववत केली. कारण: बहुधा शेळी.'

"शेळी?"

तो दुसरीकडे बघू लागला.

"खात्याच्या वहीत तुम्ही मला शेळी केलंत?"

"बहुधा लिहिलंय ना. खात्री असती तर बहुधा लिहिलं नसतं."

"पण तुम्हाला माहीत होतं."

"शेळी खुंटी पाडते हो. पुन्हा दगडानं ठोकून, मऊ फडक्यानं पुसून जात नाही." तो हळूच हसला. "नाव लिहिलं असतं, तर तुमच्यावर तक्रार झाली असती. मग खाणवाले म्हणाले असते, डोंगरवालीनं उतार वाचवायला मुद्दाम हलवली. मला अर्धा तास आधी येऊन, तुम्ही खाली उतरलात की खुंटी जागेवर आणावी लागायची, एवढंच."

"म्हणून लवकर यायचात!" ती म्हणाली, आणि आपला आवाज पडल्याचं तिचं तिलाच कळलं. "मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"काही नाही. चहा द्या."

सोमवारी मोठ्या बाई आल्या. जाड चष्मा, पायात भक्कम बूट, बोलणं मोजकं. खाणवाल्यांची चार माणसं मागे हाताची घडी घालून उभी. ती झऱ्याच्या कडेला दगडावर बसून राहिली. खरं तर आता भिण्याचं कारण नव्हतं. तरी बाई यंत्राला डोळा लावत, आकडे सांगत, पुन्हा डोळा लावत, तेव्हा ती झऱ्यातला एक खडा उगाच उचलायची आणि पुन्हा ठेवायची. त्यांनी वही चाळली, एका पानावर थांबल्या, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग झऱ्याकाठच्या तिच्याकडे पाहिलं.

"शेळी," त्या म्हणाल्या.

"बहुधा, मॅडम."

"हं." बाईंनी पान उलटलं. दुपारी त्यांनी वही मिटली. "हद्द बरोबर आहे. झऱ्याच्या पलीकडून." खाणवाले आपापसांत पुटपुटत उतरून गेले. बाईही उतरल्या. जाता जाता मात्र फुलांना वळसा घालून गेल्या, भक्कम बूट जपून टाकत.

डोंगर एकदम रिकामा झाला. झऱ्याचा आवाज तेवढा राहिला. तो यंत्राचे पाय मिटत होता, मिटायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ घेऊन.

"पुढचं काम दोन डोंगरांपलीकडे आहे," तो म्हणाला. "उद्यापासून."

"अच्छा."

"एक गोष्ट राहिली. ती विचारल्याशिवाय मला जाता येणार नाही." तो यंत्र सोडून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "काल तुम्ही वर आलात, तेव्हा तुम्हाला खरंच वाटत होतं, की सांगितलं तर उतार जाणार."

"हो."

"तरी आलात."

"हो."

"का?"

ती उठली. गाल तापले होते, पण नजर खाली गेली नाही. कालच्या त्या दहा वाक्यांपुढे हे एक वाक्य काहीच नव्हतं…

"या उतारासाठी मी तीन वर्षं चढून आले," ती म्हणाली. "उन्हात, पावसात, ताप असताना. आणि तुमच्यासाठी तो एका सकाळीत सोडून द्यायला निघाले. आता यावरून काय ते तुम्हीच मोजा. तुमचा धंदाच आहे."

त्यानं तिचा हात हातात घेतला, अगदी हळू, जागेवरून हलू नये अशा बेतानं.

"मी दर रविवारी येईन," तो म्हणाला. "दोन डोंगर म्हणजे काही फार नाही."

"किती आहे?"

"मोजलं नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."